इशारा मेंदूला जागे करतो. वाटही दाखवतो का?

मंगलाष्टकांचे प्रत्येक कडवे 'शुभमंगल सावधान' या शब्दांनी संपते आणि त्यासरशी मांडवातले शेकडो हात अक्षता टाकण्यासाठी वर जातात. भटजींचा स्वर चढू लागला की हात सज्ज झालेलेच असतात. एखाद्या उतावळ्या पोराच्या अक्षता तर शब्द पुरा होण्याआधीच पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांच्या डोक्यावर पडतात. समर्थ रामदासांच्या चरित्रपरंपरेने याच शब्दाची आणखी एक गोष्ट जपली आहे. 'सावधान' ऐकताच नारायण बोहल्यावरून निघून गेला, अशी ती कथा. इशारा एकच, त्याने मांडवातल्यांचे हात वर गेले आणि नवऱ्या मुलाचे पाय दाराकडे वळले.

'सावधान' म्हणजे अवधानासहित. शब्दाची ही फोड मेंदूविज्ञानाच्या दृष्टीनेही नेमकी आहे. इशारा अवधान मागतो आणि बहुधा ते त्याला मिळतेही. मात्र जाग्या झालेल्या मनाने पुढे काय करावे, हे त्या इशाऱ्यात सांगितलेले नसते. जागे होणे आणि योग्य ते करणे ही मेंदूची दोन वेगळी कामे आहेत. गेल्या काही दशकांतील संशोधनाने दाखवून दिले आहे, की पहिल्या कामाला मिळालेली मदत दुसऱ्याला काही वेळा अडथळ्यासारखी होते. रेल्वेचा सिग्नल, विमानातील धोक्याची घंटा, अतिदक्षता विभागातील यंत्राची टीं-टीं यांची रचना करणाऱ्यांना ही गोष्ट नजरेआड करून चालत नाही.

प्रतिक्रियेला लागणारा वेळ मोजण्याची परंपरा जुनी आहे. डच शरीरशास्त्रज्ञ फ्रान्सिस्कस डोंडर्स यांनी १८६८ मध्ये साधी प्रतिक्रिया आणि निवड करून दिलेली प्रतिक्रिया यांतील वेळेचा फरक मोजला आणि 'विचाराला वेळ लागतो' हे घड्याळाच्या भाषेत मांडले. १८७९ मध्ये विल्हेल्म वुंट यांनी लाइपझिग येथे मानसशास्त्राची प्रयोगशाळा सुरू केल्यानंतर असे प्रयोग नित्याचे झाले. मुख्य खुणेच्या आधी 'तयार' अशी सूचना दिली तर प्रतिसाद लवकर येतो, हे प्रयोगकर्त्यांच्या ध्यानात आले. पूर्वसूचना आणि खूण यांमधील अंतर ठरावीक असले तर अधिक लाभ होतो, ते बेभरवशाचे असले तर कमी, हे हर्बर्ट वुड्रो यांनी १९१४ मध्ये तपशिलाने तपासले.

हा लाभ साधारणतः काही दशक मिलिसेकंदांचा असतो. एका मिलिसेकंदात सेकंदाचा हजारावा भाग. ऐकायला क्षुल्लक वाटते. पण ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार ५० मिलिसेकंदांत ८० सेंटिमीटरांहून थोडे अधिक अंतर कापते. चोर्ल्याच्या घाटात आंधळ्या वळणावर समोरून ट्रक आल्यास ८० सेंटिमीटर म्हणजे काय, हे त्या वाटेने जाणाऱ्यास सांगावयास नको.

इशारा आणि कृती यांमधील त्या अर्ध्या-एक सेकंदात शरीरात बरेच काही घडते. ब्रिस्टल येथील ग्रे वॉल्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये एक साधा प्रयोग केला. आधी एक 'टक्' असा आवाज, थोड्या वेळाने लुकलुकणारा दिवा, आणि दिवा दिसताच बटण दाबावयाचे. 'टक्' आणि दिवा यांमधल्या काळात डोक्यावरील विद्युतलेखात एक संथ ऋण लहर चढत जाते, असे त्यांना आढळले. तिला पुढे अपेक्षेची लहर असे नाव पडले. बटण दाबण्याची गरज काढून टाकली की लहर विरून जाई. या काळात हृदयाची गती किंचित मंदावते आणि बाहुल्या विस्फारतात. शिकारीच्या पवित्र्यात मांजर निश्चल होते, तशीच ही अवस्था. बाहेरून पाहता स्तब्धता. आत मात्र सगळे ताणलेले.

या जागृतीचे एक मुख्य केंद्र मस्तिष्कस्तंभात आहे. लोकस सेरुलियस हे त्याचे नाव. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'निळी जागा'. तेथील पेशींत रंगद्रव्य असल्याने तो ठिपका निळसर दिसतो. आकार अगदी लहान, पण त्यातून निघणारे तंतू जवळजवळ साऱ्या मेंदूत पसरलेले. अनपेक्षित किंवा महत्त्वाची खूण आली की या पेशी एकाच वेळी चेततात आणि ठिकठिकाणी नॉरअ‍ॅड्रिनलिन सोडतात. त्यामुळे मेंदूतील संदेशांना जणू ध्वनिवर्धक मिळतो. ध्वनिवर्धकाचा गुण मात्र सर्वांच्या परिचयाचा आहे. बोलणारा शहाणा की मूर्ख, हे तो पाहत नाही.

दुसऱ्या कामाकडे, म्हणजे योग्य ते निवडण्याकडे वळू. त्याच्या अभ्यासाची सर्वांत प्रसिद्ध कसोटी जॉन रिडली स्ट्रूप यांनी १९३५ मध्ये प्रसिद्ध केली. 'लाल' हा शब्द हिरव्या शाईत लिहिलेला असताना शाईचा रंग सांगावयाचा, जीभ अडखळतेच. वाचन इतके अंगवळणी पडलेले असते, की नको असलेला शब्द आधी ओठांवर येतो. दुसरी कसोटी अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या जे. आर. सायमन यांची, १९६० च्या दशकातील. कानावर पडणाऱ्या 'उजवा' किंवा 'डावा' या शब्दानुसार बटण दाबावयाचे. 'उजवा' हा शब्द डाव्या कानात ऐकू आला तर उत्तर मंदावते, कारण आवाज ज्या बाजूने येतो त्या बाजूचा हात आधी उचल खातो. तिसरी कसोटी इलिनॉय विद्यापीठातील बार्बरा व चार्ल्स एरिक्सन यांनी १९७४ मध्ये मांडली. मधल्या अक्षराला उत्तर द्यावयाचे. दोन्ही बाजूंची अक्षरे नुसती पाहुणी. पण ती पाहुणी उलट उत्तर सुचवणारी असली की वेळ वाढतो आणि चुकाही. आज याच प्रयोगात बहुधा अक्षरांऐवजी बाण वापरतात. मधला बाण डावीकडे, बाजूचे चारही उजवीकडे. सांगा, मधला कोणता?

अशा प्रसंगी मेंदूत दोन प्रतिसाद एकाच वेळी जागे होतात. ही उपमा नव्हे. तो मोजता येतो. १९८० च्या दशकात इलिनॉय येथील संशोधकांनी दोन्ही हातांच्या स्नायूंतील विद्युत हालचाल नोंदवली. अखेरचे उत्तर अचूक आले असतानाही अनेकदा चुकीच्या हाताच्या स्नायूत आधी हलकीशी चेतना उमटून गेलेली दिसली. मोटर बाह्यकावरील विद्युतलेखातही चुकीच्या बाजूची तयारी आधी आणि योग्य बाजूची नंतर दिसते. या बाणांच्या किंवा अक्षरांच्या प्रयोगात अतिशय घाईने दिलेली उत्तरे पाहिली तर ती नाणेफेकीपेक्षाही वाईट असतात. म्हणजे चुकांचे प्रमाण निम्म्याहून अधिक. थोडा अधिक वेळ घेतलेली उत्तरे मात्र जवळजवळ निर्दोष. खोटी चाल आधी उठते आणि तिला आवर घालणारी यंत्रणा मागाहून पोहोचते, हे यावरून स्पष्ट होते. आवर घालण्याच्या या कामात कपाळामागील भागाच्या बाजूचे बाह्यक आणि दोन्ही गोलार्धांच्या मधल्या भिंतीवरील अग्र सिंग्युलेट बाह्यक यांचा सहभाग असतो. यांपैकी दुसरा भाग 'येथे तंटा आहे' अशी वर्दी देतो, असा एक वजनदार सिद्धान्त मॅथ्यू बॉटविनिक आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मांडला.

मग इशारा आणि हा तंटा एकत्र आले तर काय होईल? मायकेल पोझ्नर यांनी स्टीव्हन पीटरसन यांच्यासह १९९० मध्ये अवधानाची तीन जाळी मांडली होती: जागृतीचे, दिशा धरण्याचे आणि नियंत्रणाचे. तिन्ही शरीररचनेने आणि रसायनाने बरीच स्वतंत्र, असा त्यांचा कयास. ती तिन्ही एकाच चाचणीत मोजण्यासाठी जिन फॅन, पोझ्नर आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये बाणांची एक कसोटी तयार केली. अर्ध्या तासाच्या आत संपणाऱ्या या चाचणीत कधी पूर्वसूचनेचा तारा क्षणभर चमकतो, कधी चमकत नाही. नंतर बाणांची रांग येते. ४० निरोगी प्रौढांवर केलेल्या त्या पहिल्या प्रयोगात पूर्वसूचनेने सरासरी ४७ मिलिसेकंद वाचले, जागेची सूचना मिळाल्याने ५१ वाचले आणि बाजूच्या उलट बाणांमुळे ८४ मिलिसेकंदांचा भुर्दंड पडला. हे तीन आकडे परस्परांपासून बरेचसे सुटे निघाले, पण पुरते नव्हे. इशारा मिळाला की उलट बाणांचा भुर्दंड काहीसा वाढलेला दिसला.

स्पेनमधील ग्रानादा विद्यापीठात आलिसिया कायेहास आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ताऱ्याऐवजी ध्वनीचा इशारा वापरून हाच धागा उचलला. निष्कर्ष तोच. इशाऱ्यानंतर माणूस अधिक चपळ होतो, पण भोवतीच्या फसव्या बाणांचा प्रभावही त्याच्यावर अधिक पडतो. सुरुवातीस याचा अर्थ असा लावला गेला, की जागृतीचे जाळे नियंत्रणाच्या जाळ्याला क्षणभर दाबून टाकते. आधी धाव, मग विचार कर, असा निसर्गाचा हिशेब.

अर्थ मोहक आहे. पण आकडे नीट पाहिले तर तो पुरता पटत नाही. इशाऱ्यामुळे अवघड प्रसंगातील उत्तर मंदावत नाही. तेही बहुधा लवकरच येते. फरक एवढाच, की सोप्या प्रसंगात वेळेची बचत मोठी होते आणि अवघड प्रसंगात लहान. दोहोंतील दरी रुंदावते, म्हणून 'संघर्ष वाढला' असे आपण म्हणतो. एका गाडीवानाचा वेग दहाने वाढला आणि दुसऱ्याचा पाचाने, तर दुसऱ्याला कोणी मागे ओढले असे होत नाही.

दुसरी अडचण इस्रायलमधील बेन-गुरियन विद्यापीठाच्या नोआम वाइनबाख आणि आविशाय हेनिक यांनी पुढे आणली. इशाऱ्याने नियंत्रणच ढिले पडत असेल, तर रंग आणि शब्द यांच्या स्ट्रूप कसोटीतही भुर्दंड वाढला पाहिजे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांत तसा तो वाढला नाही. म्हणून त्यांनी सुचवले, की इशारा अवधानाची कक्षा रुंदावतो. धोक्याच्या क्षणी एका बिंदूवर खिळलेली नजर पसरते आणि सारा परिसर आत घेतला जातो. भोवतीचे बाण अशा वेळी घरात शिरतात. स्ट्रूपच्या कसोटीत शाई आणि शब्द एकाच जागी असल्याने कक्षा रुंदावली काय किंवा अरुंद झाली काय, फरक पडत नाही. जर्मनीतील रिको फिशर आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये सायमन कसोटीवरून वेगळे बोट दाखवले होते. इशारा अंगवळणी पडलेल्या वाटांना बळ देतो. डावीकडचे दिसले की डावा हात, ही जुनी वाट म्हणून अधिक जोराने पुढे येते. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाचे डॅरिल श्नायडर यांनी वाइनबाख-हेनिक यांच्या स्पष्टीकरणासह हे पर्याय पुढील काही वर्षांत पुन्हा पुन्हा पारखले. वाद अजून मिटलेला नाही. प्रस्तुत लेखकाला फिशर यांचे म्हणणे व्यवहाराच्या अधिक जवळचे वाटते; पण प्रयोगशाळेतील बाणांवरून तेवढे ठामपणे म्हणता येणार नाही.

ज्या प्रसंगात प्रतिसाद एकच असतो, तेथे इशारा निखळ लाभदायक ठरतो. धावण्याच्या शर्यतीत 'सेट' म्हटल्यावर धावपटूपुढे पर्याय नसतो, फक्त सुटावयाचे. तेथे चूक एकाच प्रकारची, म्हणजे लवकर सुटण्याची. म्हणून जागतिक नियमांनी आवाजानंतर ०.१०० सेकंदाच्या आत झालेली हालचाल चुकीची ठरवली आहे. पर्याय दोन झाले की चित्र बदलते. पोझ्नर आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्येच दाखवले होते, की इशाऱ्यानंतरची उत्तरे लवकर येतात आणि त्यांतील चुकाही वाढू शकतात. खुणेची माहिती मेंदूत भराभर साठते असे नसून, थोड्याच माहितीवर माणूस निर्णय देऊन मोकळा होतो, असे त्यांचे मत होते.

इशाऱ्याची एक बाजू मात्र खरोखर हृद्य आहे. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झालेल्या काही रुग्णांना डाव्या बाजूचे जग जणू उरतच नाही. ताटातला डावीकडचा घासही ते तसाच ठेवतात. इयन रॉबर्टसन आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये अशा आठ रुग्णांवर प्रयोग केला. डावीकडे घडणारी घटना त्यांना उजवीकडच्या घटनेपेक्षा सुमारे अर्धा सेकंद उशिरा जाणवत होती. आधी एक साधा आवाज दिला, की हा उशीर नाहीसा होई. तो आवाज डावीकडूनच यावा असेही बंधन नव्हते. ज्या ध्वनिवर्धकाची वर तक्रार केली, त्यानेच येथे हरपलेली अर्धी दुनिया क्षणभर परत आणली.

जागृतीचे दोन प्रकार येथे वेगळे ठेवले पाहिजेत. इशाऱ्याने येणारी जाग क्षणिक असते. तासन्‌तास टिकवावी लागणारी दक्षता ही निराळी गोष्ट. नॉर्मन मॅकवर्थ यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात घड्याळासारखा काटा अधूनमधून दुप्पट उडी घेई आणि ती टिपावयाची असे. पहिल्या अर्ध्या तासानंतरच टिपण्याचे प्रमाण घसरले. भारतीय हवामान विभागाचे पिवळे, नारिंगी आणि लाल इशारे या दुसऱ्या वर्गात मोडतात. तेथे रंगाबरोबर अर्थही दिलेला आहे: पिवळ्यासाठी लक्ष ठेवा, नारिंगीसाठी तयार राहा, लालसाठी कृती करा. जून-जुलैत 'ऑरेंज अलर्ट' हे शब्द रोजच्या बातमीत येऊ लागले की त्यांतील 'तयार राहा' मात्र कोणाच्या कानी पडत नाही. 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट खोट्या इशाऱ्याची. खऱ्या पण नित्याच्या इशाऱ्याची गतही फारशी वेगळी होत नाही.

याची किंमत किती मोठी असू शकते, हे ब्रिटिश रेल्वेच्या इतिहासात नोंदलेले आहे. तेथे १९५० च्या दशकापासून इंजिनचालकाच्या केबिनमध्ये स्वयंचलित इशाऱ्याची व्यवस्था आली. पुढचा सिग्नल हिरवा असेल तर घंटा वाजते, अन्यथा हॉर्न. हॉर्न वाजल्यावर चालकाने दोन-तीन सेकंदांत बटण दाबून पोच द्यावयाची. न दिल्यास ब्रेक आपोआप लागतात. योजना उत्तम होती. पण दुहेरी पिवळा, पिवळा आणि लाल या तिन्हींसाठी हॉर्न तोच. वर्दळीच्या मार्गावर पिवळे सिग्नल पावलोपावली भेटतात, त्यामुळे हॉर्न आणि बटण यांची गाठ घट्ट बसते. इशारा वाजतो, हात बटणावर जातो, इशारा थांबतो. या सगळ्यात सिग्नलचा रंग कोणता होता हा प्रश्न बाजूलाच राहू शकतो. ५ ऑक्टोबर १९९९ रोजी लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकाजवळ लॅडब्रोक ग्रोव्ह येथे एक गाडी १०९ क्रमांकाचा लाल सिग्नल ओलांडून समोरून येणाऱ्या गाडीवर आदळली. दोन्ही चालकांसह ३१ जण मृत्युमुखी पडले. लाल सिग्नलच्या आधी हॉर्न वाजला होता आणि चालकाने बटण दाबून त्याची पोचही दिली होती.

लॉर्ड कलन यांच्या चौकशीने दोष एकट्या चालकाच्या माथी मारला नाही, हे महत्त्वाचे. तो नवशिका होता, त्याचे प्रशिक्षण अपुरे होते, सिग्नल नीट दिसेल अशा जागी नव्हता आणि सकाळचे उन्ह त्यावर पडत होते. तोच सिग्नल आधीच्या सहा वर्षांत आठ वेळा धोक्याच्या स्थितीत ओलांडला गेला होता. तरीही इशाऱ्याच्या रचनेचा प्रश्न उरतोच. पोच देण्यासाठी लागणारी कृती सिग्नलचा रंग न पाहताही करता येत होती. ही त्या यंत्रातील खरी फट. नंतर तेथे लाल सिग्नल ओलांडताच, किंवा त्याकडे अतिवेगाने जाताच, स्वतः ब्रेक लावणारी व्यवस्था सर्वत्र बसवण्यात आली.

यंत्रावाचूनही ही फट काही अंशी बुजवता येते. जपानच्या रेल्वेत विसाव्या शतकाच्या आरंभापासून एक रीत आहे: सिग्नलकडे बोट दाखवावयाचे आणि त्याची स्थिती मोठ्याने उच्चारावयाची. पाहुण्यांना तो प्रकार कवायतीसारखा वाटतो. तेथील रेल्वे तांत्रिक संशोधन संस्थेने १९९४ मध्ये एका साध्या कामावर त्याची परीक्षा घेतली. काहीच न करता शंभर कृतींमागे २.३८ चुका होत होत्या. बोट दाखवून उच्चार केल्यावर त्या ०.३८ वर आल्या. बटण दाबणे रंग न पाहता शक्य आहे. 'पिवळा' असे म्हणण्यासाठी मात्र तो पिवळा आहे हे आधी पाहावेच लागते. शिवाय त्या उच्चारात जो एखादा क्षण जातो, तेवढ्यात चुकीच्या हाताची पहिली उचल ओसरण्यास सवड मिळते. हा दुसरा मुद्दा अनुमानाचा आहे, पण स्नायूंच्या नोंदींशी तो जुळतो.

भारतीय रेल्वेतही हीच शिस्त आहे. लोको पायलट आणि त्याचा साहाय्यक सिग्नल दिसताच हात उंचावून त्याची स्थिती एकमेकांना मोठ्याने सांगतात. पेडण्याचा बोगदा मागे टाकून थिवीच्या दिशेने धावणाऱ्या गाडीत प्रवासी पेंगत असतात, बाहेर पाऊस कोसळत असतो आणि इंजिनात एक जण रंग उच्चारतो, दुसरा तोच पुन्हा म्हणतो.